न चिकटणारा आजार

आपल्या समाजाला आजाराचे दोनच प्रकार नीट ठाऊक आहेत. एक बरा होणारा आणि दुसरा माणसाला घेऊन जाणारा. पहिल्यासाठी आपल्याकडे पेज आहे, काढा आहे, चार दिवसांची रजा आहे. दुसऱ्यासाठी रडणे आहे, सांत्वनाला येणारी माणसे आहेत, ठरलेले विधी आहेत. पण जो पुरता बराही होत नाही आणि माणसाला नेतही नाही, जो घरातल्या माणसासारखा वर्षानुवर्षे घरातच राहतो, त्या तिसऱ्या प्रकारच्या आजारासाठी आपल्या रीतिरिवाजांत जागा नाही. कायद्यात ती अपुरी आहे आणि महाविद्यालयाच्या नियमांत तर फारच थोडी. माझे म्हणणे असे की ही जागा करून देणे आता आवश्यक झाले आहे, आणि ती करून देणे आपल्याला वाटते तितके अवघड नाही.

मी ज्या आजाराविषयी लिहीत आहे त्याचे नाव पेम्फिगस. वाचकांपैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. वटारला आमच्या घरीही कोणी ऐकलेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी आईच्या तोंडात बारीक फोड आले, ते फुटले आणि त्या जागी जखमा राहिल्या. प्रथम तिखट सुटले, मग गरम चहा सुटला, मग भाकरीही सुटली. तोंड आले असे समजून ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन झाल्या, दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन झाले. चार महिन्यांनी छातीवर आणि पाठीवर पाण्याने भरलेले फोड उठले, तेव्हा कुठे मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासला गेला आणि निदान झाले. हे लिहिण्यास आईने आनंदाने होकार दिला, पण एक अट घातली. ती म्हणाली, "माझं नाव नको टाकूस. मला अजून भाजी विकायची आहे." या एका वाक्यात या आजाराचे अर्धे दुःख आले आहे, असे मला वाटते.

प्रथम हा आजार म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपली त्वचा म्हणजे असंख्य पेशींची रचलेली भिंत. या पेशी एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये काही विशिष्ट प्रथिने असतात. त्यांना डेस्मोग्लीन म्हणतात. भिंतीत जे काम चुन्याचे, तेच त्वचेत या प्रथिनांचे. शरीरात शिरलेल्या जंतूंशी लढण्यासाठी आपले रक्त प्रतिपिंडे तयार करीत असते. पेम्फिगसमध्ये हीच प्रतिपिंडे शत्रू समजून आपल्याच डेस्मोग्लीनवर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खावे असा हा प्रकार. पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, मध्ये पाणी साचते, फोड येतो, तो सहज फुटतो आणि खालची जागा उघडी पडते. अशा त्वचेवर बोटाने बाजूला दाब दिला तरी वरचा पापुद्रा सरकतो. प्योत्र निकोल्स्की या रशियन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही खूण नोंदवली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात तोंडातून होते आणि कातडीवर फोड यायला कित्येक महिने जातात. त्यामुळे निदानाला होणारा उशीर ही आमच्या एकट्याच्या घरची गोष्ट नव्हे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार कमी वयात, ऐन कर्त्या वयातल्या माणसांना गाठतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हा आजार संसर्गजन्य नाही. रक्तात अशी प्रतिपिंडे असतात हे अमेरिकेत बॉयटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ साली दाखवून दिले. दोष रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातला आहे, बाहेरून आलेल्या जंतूचा नाही. म्हणजे रुग्णाच्या हातचे पाणी प्यायल्याने, त्याच्या अंथरुणावर बसल्याने, फोडातले पाणी अंगाला लागल्याने हा आजार कोणालाही होत नाही. बोलीभाषेत सांगायचे तर तो 'चिकटत' नाही. पेशी एकमेकींना चिकटून राहात नाहीत, एवढेच त्याचे स्वरूप. माणसे मात्र उलटे धरून चालतात.

आई नालासोपाऱ्याच्या बाजारात पालेभाजीच्या जुड्या आणि केळी घेऊन बसते. आजार हातांवर उतरला त्या दिवसांत रोजच्या गिऱ्हाइकांनी काहीच वाईट शब्द वापरले नाहीत. ती फक्त शेजारच्या टोपलीपाशी थांबू लागली. कोणी सुटे पैसे हातात देण्याऐवजी गोणपाटावर ठेवू लागले. आळीत कोणी नागीण म्हणाले आणि ती उतरवणाऱ्याचा पत्ता दिला, कोणी नवस सुचवला, कोणी नोव्हेना सुचवली. एका दूरच्या नातेवाईक बाईंनी फार हळू आवाजात मला विचारले, "तो मोठा रोग तर नाही ना गं?"

या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. अंगावर फोड उठणे म्हणजे मरण दाराशी येणे, हा आपल्या पूर्वजांचा शतकानुशतकांचा अनुभव होता. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली नोंदला गेला. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी ती साथ डोळ्यांनी पाहिली आहे. कुष्ठरोगाची भीती तर त्याहून खोल. त्यावर उत्तम औषधे निघून कित्येक दशके झाली, तरी जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत टिकून होते. संसदेने ते २०१९ साली काढून टाकले. देशाच्या कायद्यालाच भीती पुसायला इतका काळ लागला, तर गोणपाटापुढे उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला किती दोष द्यायचा? भीती ही जुन्या अनुभवाची शिल्लक आहे. परंतु ज्याला नवे ज्ञान मिळाले आहे त्याने ती शिल्लक पुढे चालवू नये. आपण शिकलेली माणसे इथे जबाबदार ठरतो, कारण आपल्याला विचारता येते आणि वाचता येते.

भीतीनंतर दुसरा जाच असतो तो सल्ल्याचा, आणि माझ्या मते तो अधिक घातक आहे. स्टेरॉइड औषधे हाती येण्यापूर्वी पेम्फिगस झालेले बहुतेक रुग्ण एक-दोन वर्षांत दगावत. उघड्या जखमांतून शरीरातले पाणी आणि प्रथिने झिरपून जात आणि जंतूंना वाट मोकळी मिळे. ज्या शोधाने हे चित्र बदलले त्यासाठी केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो शोध कॉर्टिसोनचा, म्हणजे स्टेरॉइडचाच. पण स्टेरॉइडची किंमतही मोठी असते. तोंड सुजून गोल होते, वजन वाढते, रक्तातली साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, इतर संसर्ग लवकर जडतात. आपल्या देशातल्या गरीब रुग्णांसाठी या औषधांचा सोसवेल असा मार्ग शोधण्याचे मोठे श्रेय दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरिचा यांच्याकडे जाते. १९८२ पासून त्यांनी पेम्फिगससाठी 'पल्स' पद्धत वापरली. दर २८ दिवसांनी लागोपाठ तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाइनमधून द्यायचे, त्यांपैकी एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड द्यायचे आणि मधल्या दिवसांत त्याच औषधाची ५० मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यायची. सायक्लोफॉस्फामाइडमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, म्हणून तरुण रुग्णांना त्याऐवजी दुसरे औषध देतात. अलीकडे रिटुक्सिमॅब हे नवे औषध आले आहे. अमेरिकेत २०१८ साली त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. ते परिणामकारक आहे, पण महागही आहे. आमच्या आईची वाट पल्सची.

या पल्स पद्धतीत एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर सगळे अवलंबून असते. फोड गेले म्हणून उपचार थांबत नाहीत. अंग स्वच्छ झाल्यावरही नऊ महिने सलाइन चालू ठेवावे लागते आणि त्यानंतर आणखी नऊ महिने रोजची गोळी. म्हणजे रुग्ण चारचौघांसारखा दिसू लागल्यावर खऱ्या चिकाटीला सुरुवात होते. नेमक्या याच वेळी हितचिंतक पुढे येतात. "आता तर छान दिसतेस, कशाला त्या स्टेरॉइडच्या नादी लागतेस? सोडून दे, आमच्या ओळखीच्या वैद्याची पुडी घे." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते आणि मध्येच तोडलेल्या उपचारानंतर आजार उसळून येऊ शकतो. पहिल्या वर्षी आई आजाराशी झगडली. दुसऱ्या वर्षापासून ती मुख्यतः सल्ल्यांशी झगडते आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण फळे नेतो, तशीच एक गप्प राहण्याची सवयही नेली तर बरे होईल.

आणि तरीही मदत कुठून येईल याचा नेम नसतो. आजार भरात असताना आईची पाठ चादरीला चिकटायची, आणि चादर सोडवताना होणाऱ्या यातना मी इथे लिहीत नाही. तेव्हा विभागातल्या एका परिचारिकाबाईंनी विचारले, "केळीची पाने कुठे मिळतील का हो?" वसईकराला हा प्रश्न! दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने बाबा वाडीतल्या पानांचा भारा घेऊन हजर झाले. पाने स्वच्छ धुऊन अंथरली आणि त्या रात्री कित्येक दिवसांनी आई झोपली. केळीच्या पानाचा पृष्ठभाग मेणचट असतो, तो ओल्या जखमेला धरत नाही आणि गारही राहतो. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली होती आणि २००३ साली त्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या पानावर आपण जेवलो आणि ज्या राजेळीची सुकेळी करून विकली, त्या केळीचा हा उपयोग आम्हा वाडीवाल्यांना ठाऊक नव्हता.

आता तिसऱ्या जाचाकडे वळतो, तो व्यवस्थेचा. वटारहून बस किंवा रिक्षा, नालासोपाऱ्याहून लोकल आणि मग रुग्णालय, ही आमची दर २८ दिवसांची वारी. ज्या त्वचेला बोटाचे घर्षण सोसत नाही, ती त्वचा घेऊन सकाळी विरारच्या गाडीत चढणे म्हणजे काय, हे या मार्गावर प्रवास करणाऱ्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दिव्यांगांसाठी राखीव डबा आहे. त्यात कर्करोगाच्या रुग्णांना आणि गर्भवती स्त्रियांनाही मुभा आहे, आणि ती योग्यच आहे. पेम्फिगसचा रुग्ण मात्र कोणत्याच नावाखाली बसत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार वाढवून २१ केले. त्यांत सिकलसेल आला, हिमोफिलिया आला, ॲसिडहल्ल्याने विद्रूप झालेली माणसे आली, ही मोठीच गोष्ट झाली. पण कातडी सोलवटणाऱ्या या आजाराचे नाव त्या यादीत नाही. एकदा त्या डब्यात एका प्रवाशाने आईला विचारले, "तुमचं काय तुटलंय?" आई काही बोलली नाही. तुटलेले दाखवायचे तर पदर बाजूला करावा लागला असता.

याद्या कुठेतरी संपणारच, हे मला मान्य आहे. प्रत्येक आजाराचे नाव कायद्यात घालता येणार नाही. म्हणूनच आजाराचे नाव विचारण्याऐवजी त्या माणसाला आज काय करणे अशक्य आहे, हे विचारणारी व्यवस्था हवी. फोड भरात असलेल्या काळापुरता, डॉक्टरांच्या सहीने, तीन-चार महिने चालणारा एखादा तात्पुरता दाखला मिळू लागला तर किती माणसांची सोय होईल! बऱ्या झालेल्या महिन्यांत तो आपोआप संपेल.

कायदा आपल्या हाती नाही, पण महाविद्यालय आहे. स्त्रियांच्या विभागात रात्री सोबतीला बाईमाणूसच लागते. बाबा वाडी सोडू शकत नाहीत, दादाची पाळी कारखान्यात. तेव्हा सोबत मी. हिशेब असा आहे. एका सत्रात सुमारे ९० अध्यापनदिन धरले, तर ७५ टक्के उपस्थितीच्या नियमाने साधारण २२ दिवस गैरहजर राहता येते. पाच महिन्यांच्या सत्रात पाच पल्स येतात. प्रत्येकीचे तीन दिवस आणि त्याआधी रक्त-लघवीच्या तपासणीचा एक, असे २० दिवस आईच्या नावे जातात. उरले दोन. मला स्वतःला थंडीताप आला की संपले. आजारपणाचा दाखला जोडून सवलत मागता येते, पण दाखला आजाऱ्याच्या नावाचा असतो आणि गैरहजेरी सोबत करणाऱ्या मुलीची. दीर्घ आजार एका शरीरात राहात नाही, तो साऱ्या घराचा वेळ खातो, आणि अशा घरात पहिल्याने कॉलेज सुटते ते मुलीचे. नापास झाल्याची नोंद होते. आईजवळ बसली होती, याची नोंद कुठेच होत नाही.

यावर प्राध्यापकवर्गातून येणारी शंका मी ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. एकाला सूट दिली की दहाजण खोटे दाखले घेऊन उभे राहतील, असे म्हणतात. परंतु पल्सच्या तारखा २८ दिवसांच्या हिशेबाने सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगता येतात आणि रुग्णालयाच्या कार्डावर त्यांची नोंद होत जाते. थंडीतापाच्या दाखल्याची शहानिशा कोणी करू शकत नाही, या दाखल्याची पाच मिनिटांत होते. डायलिसिसची, केमोथेरपीची, थॅलेसेमियाच्या मुलाला रक्त चढवण्याचीही तीच गोष्ट. तेव्हा दीर्घ आजाराला सूट देणे हे अल्प आजाराला सूट देण्याहून अधिक सुरक्षित आहे, असेच म्हणावे लागते.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. सत्रारंभी एक वही ठेवावी. तीत स्वतः दीर्घ आजारी असलेल्या किंवा घरच्या अशा रुग्णाची सोबत करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या तारखा नोंदवाव्यात, आणि ती वही प्राचार्यांपलीकडे कोणी पाहू नये. त्या तारखांना अंतर्गत परीक्षा आल्यास दुसरी तारीख आपोआप मिळावी, दर वेळी दारोदार रडगाणे गाण्याची वेळ येऊ नये. तिसरी सूचना आपणा विद्यार्थ्यांसाठी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपल्याला वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यांतले काही तास रुग्णांच्या सोबतीला का देऊ नयेत? वसई-विरारमधून मुंबईच्या रुग्णालयांत नियमित जाणाऱ्या रुग्णांची यादी करावी. गाडीत रुग्णाच्या दोन्ही बाजूंना दोघांनी उभे राहावे, गर्दीचा रेटा आपल्या अंगावर घ्यावा, इतकेच काम. त्यासाठी वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. खांदे मजबूत असले म्हणजे पुरे.

आईला भेटणारे अजूनही विचारतात, "काय, बरी झालीस ना?" या प्रश्नाला तिच्याजवळ खरे उत्तर नाही. हो म्हटले तर खोटे ठरते, नाही म्हटले तर समोरच्याचा चेहरा उतरतो. बाजारातली एक म्हातारी मोगरेवाली मात्र वेगळे विचारते. "परत कधी जायचंय?" एवढेच, आणि तारीख ऐकून म्हणते, "जा. तुझी टोपली मी बघते." शेजारची ती टोपली तीन दिवस सांभाळली जाते, जुड्या विकल्या जातात, पैसे पदराच्या गाठीत जमा राहतात. आमच्या कायद्याने आणि आमच्या कॉलेजने यापेक्षा फार मोठे काही करावे, असे माझे मागणे नाही.